वैशाखातली घोंगडी

आई,

तुझी घोंगडी मी गेल्या वैशाखात पेटीतून काढली. बाहेर ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. तळं आटून पायऱ्या उघड्या पडलेल्या, बाजारातून सुक्या मासळीचा वास आळीत येऊन बसलेला, आणि मी माजघरात पाय पोटाशी घेऊन घोंगडी पांघरून बसले होते. माझी मुलगी खेळून आली ती दारातच थबकली. ताप आला असेल म्हणून तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "आई, तू गार आहेस," म्हणाली. तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी ओळखलं. तिच्याएवढी असताना तुझ्या पायांना हात लावला की माझंही तोंड तसंच होत असणार. त्या दुपारपासून मी भ्यायले आहे. आज मार्गशीर्ष संपत आला तरी भीती गेलेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. तेव्हा माझ्यासाठी भीत होते, आता तुझ्यासाठी भिते. मेलेल्या माणसासाठी कसलं भ्यायचं, असं कुणीही म्हणेल. म्हणून दुसऱ्या कुणाला सांगत नाही, तुलाच लिहिते. जुन्या दिनदर्शिकेची पानं पाठीमागून कोरी होती, ती घेतली आहेत. चांगला कागद या कामाला वापरवेना.

तू आधी कशी होतीस ते मला स्वच्छ आठवतं, आणि हे सांगणारी आता मी एकटीच उरले. लढाईचे दिवस होते, तांदूळ आणि रॉकेल रांगेत मिळायचं. त्या रांगेत तू दुकानदाराच्या मापाकडे अशी बघायचीस की तो आपणहून अर्धी मूठ वर टाकायचा. दळताना तुझा बारीक आवाज शेजारच्या घरात ऐकू जायचा. नाना कचेरीतून यायच्या आत तुझं सगळं आवरलेलं असायचं, वर मला म्हणायचीस, "बाईच्या जातीनं चालायचं नसतं, पळायचं असतं." मग कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. ओटीवरचा दिवा तेल संपताना हळूहळू बसतो, नेमका कधी मंद झाला ते कळत नाही, तसं झालं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. एका दुपारी घरी आले तर करपल्याचा वास सबंध घरात भरलेला. तू चुलीपुढं पाटावर बसलेली, हातात उलथनं, आणि धुराकडे बघत होतीस. मी ओरडले, "आई, भात करपतोय!" तू म्हणालीस, "दिसतंय गं." एवढंच. दिसत होतं आणि हात उचलत नव्हता. तो करपलेला भात मी खरवडला, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं ते आलंच.

नाना आधी फार बोलले तुला. त्यांचा स्वभाव तुला माहीत. "घरात बायको आणली की जातं? ठेवलं तिथंच बसलंय." पंगतीला चार माणसं असताना हे बोलायचे आणि माणसं हसायची. तूही हसायचीस, पण तुझं हसू बाकीच्यांचं संपल्यावर यायचं. तुझा चेहरा भरत चालला होता, डोळ्यांखाली सूज, भुवयांची टोकं झडलेली, फणीत केसांचे पुंजके. आवाज जाड झाला, घशात काही अडकल्यासारखा. जेवण चिमणीएवढं, तरी अंग सुटत होतं, म्हणून आळी म्हणायची की चोरून खाते. आणि थंडी. सगळी माणसं अंगणात बाजा टाकून वारा शोधत असताना तू घोंगडी गुंडाळून आत. दोन प्रहरी देवापुढं जपाला बसायचीस आणि माळ बोटांत थांबायची. मणी पुढं सरकायचा नाही, डोळे अर्धे मिटलेले, पापणी हलायची नाही. मी दारातून बघायची आणि मला वाटायचं, झोपली. ते मला वाटलं होतं, आई. माझं पहिलं वाटणं बरोबर होतं.

मग त्या चातुर्मासात कीर्तनकार बुवा आपल्याकडे उतरले. पहाटे स्नान करून ते देवघराशी आले, तर तू तशीच, माळ थांबलेली. बुवा उंबऱ्याबाहेर हात जोडून कितीतरी वेळ उभे राहिले. फराळाच्या वेळी सगळ्यांसमोर नानांना म्हणाले, "तुम्ही यांना जातं म्हणता? अहो, ही बाई संसाराच्या वर उठलीय. आम्ही जन्मभर टाळ कुटतो आणि आमचं मन बाजारात. यांना बसल्या जागी समाधी लागते." नानांच्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवसापासून तुला कुणी बोललं नाही. नानांचा आवाज उतरला, ते तुला "अहो" म्हणू लागले. एकादशीला बायका यायला लागल्या, ओळीनं वाकायच्या. "पाय कसे गार आहेत हो, चंदनासारखे," एक म्हणायची, दुसरी तिला चिमटा काढून गप्प करायची. तू कुणाशी बोलत नव्हतीस ते मौन झालं. खात नव्हतीस ते व्रत झालं. कुणी गेल्याचं कळलं तरी डोळ्यांत पाणी नाही, लग्नाचं आमंत्रण आलं तरी हसू नाही, ती समदृष्टी झाली. नानांनी ठाण्याहून फोटोवाला आणून तुझा फोटो काढवला. आणि मी? मला बरं वाटलं, आई. आळशी बाईची मुलगी होते ती साध्वीची मुलगी झाले. शाळेत बाई माझ्याशी जरा जपून बोलू लागल्या. घरातही आरडाओरडा थांबला होता. कोण नको म्हणेल?

फक्त एकदा तू मला म्हणालीस. मी तुझे केस विंचरत होते, म्हणजे उरले होते तेवढे. तू देवघराकडे बघत म्हणालीस, "लोक म्हणतात मला तिथं काही दिसतं. मला काही दिसत नाही गं. तिथं काही नाही. इथंही काही नाही." हे बोलायला तुला किती वेळ लागला, शब्द पायरी पायरी चढून वर येत होते. मी घाबरले आणि नानांना सांगितलं. नानांनी बुवांना पत्र टाकलं. बुवांचं उत्तर आलं ते नानांनी ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवलं: काही नाही असं दिसणं ही तर फार पुढची पायरी, भल्याभल्यांना तिथवर जाता येत नाही, यांना आता कुणी हाका मारू नयेत. त्यानंतर तुला खरोखरच कुणी हाका मारीनासं झालं.

पौषात तू झोपलीस ती उठेना. श्वास इतका सावकाश की एक झाला की दुसरा येतो की नाही म्हणून मी वाट बघायची. अंगाला हात लावावा तर माठाला लावल्यासारखा. आदल्या दिवशी तू माझ्याकडे पाण्याची खूण केली होतीस आणि पायांकडे बोट दाखवलं होतंस. ऊन पाणी हवं होतं तुला, शेक हवा होता. मी बंब पेटवायला निघाले तर आत्या म्हणाली, "त्यांना आता देहाचं काय? तीर्थ घाल तोंडात." गावात डॉक्टर नव्हते असं नाही. पण समाधी लागलेल्या बाईला डॉक्टर कोण आणतो? माजघरात टाळ वाजत होते, ओसरीवर माणूस मावत नव्हतं, आणि मध्ये तू गार होत गेलीस. गाव अजून सांगतं की असं मरण भाग्यवंताला येतं.

माझं सासर तुला माहीत आहे, तळ्याच्या पलीकडच्या अंगाला. गाव तेच, माणसं तीच, म्हणून तू काही माझ्यापासून लांब गेली नाहीस. तुझा फोटो नाना गेल्यावर माझ्याकडे आला, माजघरात लावलाय. तुझ्या पुण्यतिथीला बायका येतात, भजन होतं, मी शिरा करते. घर माझं व्यवस्थित चाललं होतं. हे कचेरीत, दोन मुलं, आणि वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, लवकर विधवा झालेल्या, त्या आमच्यातच असतात. जमाखर्च माझ्या हाती. नवे पैसे आले तेव्हा आण्यांचे पैसे करून घ्यायला आळीतल्या बायका माझ्याकडे यायच्या, मी तोंडी सांगायची. आणि मग धाकट्याच्या बाळंतपणानंतर वर्षा-दोन वर्षांत माझी बेरीज मला येईनाशी झाली. आकडे दिसायचे, पण एकाला दुसऱ्यापाशी नेऊन बसवायचं बळ नसायचं. सकाळी उठले की रात्रभर दळल्यासारखं अंग. बाजारात जायचं म्हटलं की रडू यायचं आणि तेही पुरतं यायचं नाही. वन्सं म्हणायच्या, "उठायला मुहूर्त काढायचा का पंचांगात बघून?" हे काही बोलायचे नाहीत, पण हिशेबाची वही स्वतः घेऊन बसायचे, ते जास्त लागायचं. कोन गावची दूधवाली रतीब घालायला यायची, ती तोंडावर बोलणारी. "काय वो वैनी, तोंड केवढा सुजलाय तुमचा! आमची म्हैस पन येवढी सुस्त नाय. आमी हाका मारून दमलो." मुलं हसली. मीही हसले, आणि त्यांचं हसू संपल्यावर माझं हसू आलं ते माझं मलाच ऐकू आलं. ते तुझं हसू होतं.

ओरडा खात होते तोवर निदान बरं होतं, आई. खरी भीती पुढं आली. वन्संचा सूर हळूहळू बदलला. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "आईच्या वळणावर चाललीय हो. जपाला बसली की भान नसतं." एका मंगळवारी भजनाला आलेली एक तरणी सून जाताना माझ्यापाशी आली, पदर पुढं घेऊन वाकली आणि माझ्या पायांना तिनं हात लावला. "किती गार," म्हणाली. मी पाय ओढून घेतले, पण ओढायलाही वेळ लागला, तोवर दुसरी वाकली होती. मला ओरडायचं होतं की अगं, इथं काही नाही. मी जपाला बसते आणि मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, देवाचं नाव तोंडात चोथ्यासारखं होतं. आणि हे शब्द मनात जुळले तेव्हा कळलं की हे तर ऐकलेले शब्द आहेत. मी त्या वेळी केस विंचरत होते. मग मी तुझ्या फोटोकडे बघायचंच टाळू लागले. आता बंब पेटवणारं माझं कोण, हाच विचार यायचा. माझी मुलगी पेटवायला निघेल, आणि तिलाही कुणी म्हणेल, राहू दे.

श्रावणात वन्संना काखेत गळू झालं आणि ताप चढला, म्हणून ह्यांनी डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. तू गेल्यानंतर त्या गावात आल्या. इस्राएली म्हणजे यहुदी, पण आपल्याच कोकणातल्या, मराठी आपल्याहून खणखणीत, शनिवारी दवाखाना बंद. गळू फोडून पट्टी बांधून त्या हात धुवायला निघाल्या आणि माजघरात तुझ्या फोटोपुढं थांबल्या. लोक थांबतात, त्याचं मला नवल वाटलं नाही. नमस्कार करत नाहीत एवढंच पाहिलं. त्या फोटोकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"ह्या कोण?"

"माझी आई."

"आवाज घोगरा झाला होता का यांचा? शेवटी शेवटी?"

मी हो म्हटलं.

"थंडी वाजायची? उन्हाळ्यात? केस गेले? बोलायला वेळ लागायचा? सारखी झोप?"

प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणत होते. या बाईनं तुला कधी पाहिलं नव्हतं. वन्सं आतून म्हणाल्या, "अहो, साध्वी होत्या त्या! अंगठ्याचं तीर्थ घ्यायचे लोक." डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "आणि तुम्हाला हे कधीपासून आहे?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला दवाखान्यात नेलं. त्यांनी मला खुर्चीवर गुडघ्यांवर उभं केलं, पाठमोरं, पावलं बाहेर लोंबती, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबराच्या लहान हातोडीनं हलकेच ठोकलं. ह्यांना म्हणाल्या, "बघा, पाऊल उडतं पटकन, पण परत यायला किती सावकाश येतंय." मला दिसत नव्हतं, पण ह्यांचा श्वास अडकलेला ऐकू आला. मग त्यांनी गळ्यावर बोटं ठेवून गिळायला लावलं. सांगितलं ते असं, की गळ्यात पुढं एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात, तिच्यातून पाझरणाऱ्या रसावर सगळ्या अंगाची चूल पेटते. तो रस कमी पडला की चूल मंद होते. अंगाला ऊब नाही, हातापायांत जोर नाही, डोकं चालत नाही आणि मनाचाही दिवा खाली बसतो. माणूस उदास होतं, रडतं, मग रडणंही जातं. "लोक आळशी म्हणतात, वेडी म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "किंवा आणखी काही म्हणतात."

मी विचारलं, "माझ्या आईला हेच होतं?"

"पाहिल्याशिवाय कसं सांगू? प्रत्येक उदास माणसाला हाच आजार असतो असं नाही. पण असू शकेल. फोटोवरून मला तसं वाटलं."

"औषध होतं का त्या वेळी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या वस्तू सारख्या करत म्हणाल्या, "होतं. मुंबईत मिळत होतं."

आई, मुंबई किती लांब गं? मोऱ्याच्या बंदरातून बोटीत बसलं की पलीकडे.

औषध कसलं ते त्यांनी लपवलं नाही. "बाई, तुम्ही सोवळ्यातल्या, म्हणून आधीच सांगते. ही गोळी जनावराच्या गळ्यातली तीच ग्रंथी वाळवून करतात." ह्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, कुठल्या जनावराच्या? त्या म्हणाल्या, "मेंढीची असते, गाईची असते, डुकराचीही असते. ही कशाची आहे ते या बाटलीवर लिहिलेलं नाही, आणि मी खोटं सांगणार नाही. आमच्यात पण काय चालतं, काय नाही याचे नियम तुमच्याइतकेच कडक आहेत. माझ्या घरात डुकराचं नाव काढत नाहीत. पण जीव जात असेल तर नियम बाजूला ठेवायचा, हाही आमच्यात नियमच आहे. तुमच्यातलं तुम्ही बघा." घरी आल्यावर वन्संनी आकांडतांडव केलं. "या घरात शिजत नाही ते तू गिळणार? आणि त्याच तोंडानं देवाचं नाव घेणार? तुझी आई बघतेय वरून!" हे एवढंच म्हणाले, "तू ठरव. मी आड येत नाही."

मी ठरवलं असं वाटतं का तुला? ठरवायला बळ लागतं. बाटली कितीतरी दिवस मागच्या पडवीत साबणाच्या फळीवर पडून होती, स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या जितकी लांब ठेवता येईल तितकी. मी तिच्याकडे बघायची आणि घाबरायची. घेतली तर बाटेन, नाही घेतली तर पौष येतोच आहे. एका सकाळी मुलगी वेणी घालून घ्यायला माझ्यापुढं बसली. मी फणी उचलली आणि हात तिथंच थांबला. ती मुकाट बसून राहिली, वळून बघेना. तिला सवय झाली होती. मग ती म्हणाली, "आई, राहू दे, माझी मी घालते," तेही हळू आवाजात, जसं आजारी माणसाशी किंवा देवळात बोलतात. मी उठून पडवीत गेले. सुपारीचा जुना अडकित्ता होता, तो तेव्हाच या कामाला बाजूला काढला, गोळीचे चार तुकडे केले आणि एक तुकडा पाण्याबरोबर गिळला. चूळ भरली, डोक्यावरून पाणी घेतलं, मगच घरात आले. अजून तोच क्रम आहे. आधी पडवी, मग आंघोळ, मग देव. देवाला चालतं की नाही हे मी विचारलेलं नाही, कारण नाही म्हणाला तर काय करू?

पहिले काही दिवस छाती धडधडायची आणि मला वाटायचं, पाप बोलतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सावकाश वाढवू, आणि पाव गोळीवरून अर्धीवर आणलं. मग नवरात्राच्या आसपास एक दिवस वन्सं नेहमीसारखं बोलल्या, "ज्याचं गिळतेस त्याच्यासारखी होशील हो!" आणि मी फाडकन म्हटलं, "मेंढी झाले तर निदान लोकर तरी होईल, तुम्हाला थंडीत उपयोगी पडेल!" मग मुलगी टाळ्या पिटत नाचायला लागली, "आई भांडली! आई भांडली!" ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि मागे त्यांचे खांदे हलत होते. वन्संना हसू आलं ते त्यांनी पदरात दाबलं. परवा बाजारातला हिशेब मी तोंडी सांगितला आणि तो बरोबर होता. जपाला बसले तर डास चावला, आणि तो चावलेला मला कळला. देव दिसला असं म्हणणार नाही. पण माळेतला मणी पुढं सरकला, आणि नाव नावासारखं लागलं.

इथंच मला धरून बसलेली भीती आहे, आई. गोळी लागू पडली नसती तर मी तुझ्या वाटेनं गेले असते. पडली, म्हणजे तू साध्वी नव्हतीस, आजारी होतीस. मी जेवढी बरी होते, तेवढी तू जास्त आजारी दिसतेस. रोज सकाळी पायांना ऊब लागते आणि तुझे पाय आठवतात. त्या गर्दीत, टाळांच्या आवाजात, तू आत जागी होतीस का? ऐकू येत होतं का तुला? हा प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला नाही, त्या खोटं बोलत नाहीत म्हणून. मुलीचं मात्र विचारलं. "तिला होईल का हे?" म्हणाल्या, "घराण्यात उतरू शकतं. लक्ष ठेवा, बाकी काही करायचं नाही." तेव्हापासून वेणी घालताना मी तिच्या मानेला हात लावून बघते, ऊन आहे ना. ती वैतागते. आणि डॉक्टरीणबाईंचे भाऊ बिऱ्हाडं आवरून यहुद्यांच्या नव्या देशाला चाललेत असं ऐकलं. मी भीत भीत विचारलं तर म्हणाल्या, "मला इथली माणसं पोसतात, बाई. मी कुठं जाते?" पण त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

पुढच्या पंधरवड्यात तुझी पुण्यतिथी. वन्संनी बायकांना निरोप धाडले. बायका येतील, फोटोपुढं वाकतील, समाधीची गोष्ट नव्या सुनांना सांगतील. सांगू का त्यांना? सांगितलं तर तुझ्याजवळ जे एक होतं तेही मी काढून घेईन. नाही सांगितलं तर गावातली आणखी एखादी अशीच माजघरात गार होत बसलेली असेल, आणि तिच्या पाया पडत असतील. मी ठरवलंय की शिरा करीन, भजन होऊ देईन, आणि त्या मंगळवारी माझ्या पाया पडलेल्या तरण्या सुनेला बाजूला घेऊन तेवढंच विचारीन, "तुमच्याकडे कुणाला उन्हाळ्यात थंडी वाजते का?" तेवढंच. पुढचं धैर्य अजून आलेलं नाही.

हे कागद उद्या बंबात घालीन. तुला पाठवायचं ठिकाण मला ठाऊक नाही, आणि घरात ठेवले तर वन्सं वाचतील. तेवढंच पाणी तापेल.

एक राहिलं. आज वन्सं देवळात गेल्यावर मी पडवीतून गोळीचा एक पाव तुकडा आणला. सोवळं मोडून माजघरापर्यंत आणला, पितळेच्या वाटीत घालून तुझ्या फोटोखाली स्टुलावर ठेवला, वर तुळशीचं पान ठेवायला हात धजला नाही. शेजारी तांब्याभर ऊन पाणी ठेवलं. डोळे मिटले आणि नैवेद्य दाखवताना जे म्हणतात ते म्हटलं. पाणी निवेपर्यंत बसले. मग गोळी टाकून देववेना म्हणून तीच उचलून प्रसाद म्हणून घेतली. तुझी घोंगडी आज मी पांघरलेली नाही.